सोळा तासांचं सरळ विमान

विमानाच्या बाबतीत आमच्या मुर्री गावात माझ्याएवढा जाणकार दुसरा सापडणार नाही. बसलो मात्र एकदाही नाही. गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळाची भिंत बांधून राहिले होते तेव्हा तिच्या विटा डोक्यावर वाहिल्या, तेवढंच माझं जाणकारपण. त्यातही एक वीट पायावर पाडून घेतली आन् मुकादमानं मले भिंतीवर पाणी मारायच्या कामाले लावलं. तरी डोक्यावरून विमान गेलं की लोक मलेच विचारत, "हे कुठं जाऊन राहिलं गा?" मी डोळ्यावर हात धरून सांगे, "कलकत्ता." दुसरं आलं की, "मुंबई." एक दिवस एकामागं एक, एकाच दिशेनं दोन विमानं गेली. मी एक कलकत्त्याले पाठवलं आन् एक मुंबईले. बायको तांदूळ निसत बसली होती, मान वर न करता बोलली, "एकाले तरी वळू द्या जी."

शाळेत मी गेलो नाही असं नाही. गेलो होतो, छपरावरचे कवेलू फेरायले. आकडे मले पोत्यावरचे कळतात, कारण मी राईस मिलमध्ये हमाल. बायको चौथी शिकलेली. घरातलं वाचायचं काम तिचं, बोलायचं काम माझं. लोक म्हणत, घरात एक तरी शहाणं पायजे, आन् कोण ते सांगत नव्हते.

आम्हाले एकच लेक. लग्न झालं, नवऱ्यासंगं टोरंटोले गेली. कॅनडात हाये ते, तिथं थंडीत पाणी दगड होते. तिले दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी बायकोनं देवापुढं साखर ठेवली, मंग माझ्यापुढं बसली. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण लेकीची नोकरी, जावयाची नोकरी, ती काही येऊ शकत नव्हती.

बायको म्हणाली, "पोरगी माहेरी येऊ शकत नाही तं माहेर जाईन तिच्याकडे."

"माहेर म्हणजे कोण?"

"मी. तुमी काय कामाचे बाळंतपणात? तुमाले रक्त पाहून चक्कर येते."

हे खरं हाये. लेक झाली तेव्हा दवाखान्यात एक खाट बायकोले लागली आन् एक मले.

लेकीनं जुना फोन पाठवला होता. त्याले बोलून विचारलं की तो दाखवते, असं तिनं आईले शिकवलं होतं. बायकोनं फोन तोंडापुढं धरला आन् गोंदियाच्या बाजारात भाजीवाल्याशी बोलते तशा हिंदीत दरडावून विचारलं, "गोंदिया से टोरंटो, हवाई जहाज से, कितना दूर है?"

फोननं दाखवलं. इकडे एक ठिपका, तिकडे एक ठिपका, मधात वाकडी रेष आन् रेषेवर एवढुसं विमान. खाली आकडे. बायकोनं बोट ठेवून वाचलं, "साडेबारा हजार किलोमीटर. सोळा तास."

"रेष वाकडी काऊन हाये जी? वरून, बर्फावरून गेली हे," तिनंच विचारलं.

"डोंगर चुकवून राहिला असंन ड्रायव्हर," मी सांगितलं. जाणकार ना मी.

सोळा तास म्हणजे मिलच्या दोन पाळ्या. बायको खुश झाली. म्हणे, "दोन पाळ्यांत तुमी एक ट्रक उतरवता, त्यातही निम्मा वेळ बिडी पिता. तेवढ्यात मी लेकीपाशी." मी तर खुशीत गावभर सांगून आलो, बिरसीतून कॅनडाचं सरळ विमान हाये, फोनमध्ये आलं हाये. लोकांनी मानलं. एकानं तिकडच्या भाच्यासाठी जाड पोहे पाठवायचं ठरवलं. भाचा ऑस्ट्रेलियात होता, पण मी म्हणलं, वाटेतच लागते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ऐकून ती इतकी हसली की जावई धावत आला.

"अगं आई, बिरसीतून कुठलं विमान! तो फोन कोणतेही दोन विमानतळ सांग, मधात रेष ओढते आन् विमान असतं तं एवढा वेळ लागला असता, असं सांगते. विमान असलंच पायजे असं नाही."

बायकोनं विचारलं, "विमान नाही तं वेळ कायले सांगते?"

याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण मले कोणी विचारलं नाही.

खरा रस्ता निघाला तो असा. गोंदियाहून नागपूर गाडीनं, नागपूरहून दिल्ली विमानानं, दिल्लीत दुसरं विमान. दिल्लीचं विमानतळ एवढं मोठं की त्यात आमची मुर्री आन् शेजारचं फुलचूर दोन्ही मावतील. एकटी बाई, इंग्रजी येत नाही, म्हणून जावयानं तिकिटासोबत चाकाची खुर्ची सांगितली. तिथला माणूस तिले खुर्चीत बसवून ढकलत एका विमानातून दुसऱ्यात नेणार. हे ऐकून बायको भडकली.

"मी का लंगडी हावो? धान रोवण्याच्या दिवसात दिवसभर चिखलात वाकून राहते मी, आन् मले खुर्चीत घालून नेता?"

तिची सवय व्हावी म्हणून मी मिलमधून पोते वाहायची दोन चाकी गाडी आणली. तिले म्हणलं, बैस. ती नाही नाही म्हणत बसली, पदर दातात धरून. मी ढकलत आंगणाच्या एका कोपऱ्यात नेलं, म्हणलं, "नागपूर." दुसऱ्या कोपऱ्यात, तुळशीपाशी, "दिल्ली." संडासापाशी गाडीचं चाक गोट्यावर चढलं आन् कॅनडा यायच्या आधीच आम्ही दोघंही आडवे. मी खाली, ती वर. शेजारची बाई भिंतीवरून पाहून राहिली होती. बायको हसून हसून रडली. उठून लुगडं झटकलं आन् म्हणाली, "मले ते सरळवालंच पायजे. सोळा तासवालं."

त्यानंतर ती तयारीले लागली. पासपोर्ट आला, व्हिसा आला. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, इतकी मऊ की मीच एक उशाशी घेऊन झोपलो तं शिव्या खाल्ल्या. लेकीले रोज सांगे, "तू भिऊ नको वं माय. तुह्या कळा सुरू होतील तेव्हा मी तिथं असीन." हे तिनं इतक्यांदा सांगितलं की मले वाटे, हिनं हे कोणाजवळ तरी लिहून दिलं हाये.

एक दिवस मी मिलमध्ये होतो. ती दारापुढच्या छपरीत बसून बाळंतिणीच्या लाडूसाठी सुंठ कुटून राहिली होती. शेजारच्या बाईले कुटण्याचा आवाज येऊन राहिला होता, मंग तो थांबला. तिले वाटलं, झालं असेल कुटून. मले बोलवायले माणूस आला तेव्हा माझ्या पाठीवर पोतं होतं. त्यानं सांगितलं ते मी पोतं न टाकता ऐकलं आन् पोतं घेऊनच फाटकापर्यंत चाललो. मिलचा मुकादम ओरडला, "पोतं कुठं नेतोस बे?" मंग त्यालेही कळलं.

दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, हृदय; जीव घरीच, सुंठ कुटतानाच गेला होता. छपरीत आणून ठेवलं तेव्हाही तिच्या बोटांले सुंठेचा वास होता.

लेकीले येता येत नव्हतं. पोट एवढं वर आलेलं, त्या दिवसात विमानवाले घेत नाहीत. फोन तिच्या आईच्या तोंडापुढं धरला. लेक पाहून राहिली होती. मधात नेटवर्क गेलं. नंतर जावयानं सांगितलं, तिकडे फोनवर आईचा चेहरा तसाच अडकून राहिला. इथं आम्ही तिले उचलून मोक्षधामाच्या वाटेले लागलो होतो आन् तिकडे ती फोनमध्ये पडूनच होती. लेक फोन बंद करू देत नव्हती.

माझी मोठी बहीण फुलचूरहून आली आन् राहिली. तिले मी बाई म्हणतो. बाई म्हणजे तोंडाची तिखट, कामाची वाघीण. ती घरात असली की मी माझ्याच घरात पाहुणा असतो.

आता एक सांगतो, हसू नका. मंग हसले तरी चालते, सवय हाये. माझी बायको भात झाला की गंजाच्या काठावर पळी दोनदा ठोकायची. ठक ठक. ते ऐकलं की मी हात धुवायले उठे. ती गेल्यावर मले तो आवाज येऊन राहिला. भर दुपारी, मी छपरीत बसलेला, बाई बाहेर नळावर. आत कोणी नाही. ठक ठक. पहिल्यांदा मी सवयीनं उठून हात धुतले आन् पाट मांडून बसलो. बाईनं येऊन पाहिलं. रिकाम्या चुलीपुढं मी जेवायले बसलेलो.

"काय रे?"

"काही नाही. ऊन लागून राहिलं बाहेर."

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगतो, रोज दुपार कधी होते याची मी वाट पाहायचो.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे एक रीत हाये. जिथं माणसाचा जीव गेला तिथं जमीन सारवून तांदळाचं पीठ चाळतात, बाजूले दिवा लावतात आन् वरून टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पाहतात, पिठात काय उमटलं. मुंगीची रांग असली तं जीव मुंगीत गेला. लेकराचं पाऊल असलं तं घरातच वापस येणार. राखण करायचं काम बाईनं मले दिलं. कोंबडी, मांजर कोणी टोपलीपाशी येऊ द्यायचं नाही. मी अशी राखण केली की सकाळी बाईनं मले लाथेनं उठवलं.

सूर्य वर येऊन राहिला होता. बाईनं टोपली उचलली. पिठात तीन बोटं पुढं, एक मागं. पाखराचं पाऊल. एकच. आल्याचंही नाही आन् गेल्याचंही नाही, मधात एकच पाऊल, जसं कोणी तिथून उडण्यासाठी टेकलं.

बाई हात जोडून म्हणाली, "पाखरू झाली. उडाली."

मी सांगितलं नाही की टोपलीले एका बाजूनं भोक होतं आन् शेजारची कोंबडी सकाळी लवकर सुटते. सांगून काय करता? मले पाखरूच पायजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. पिठाचं तिले कोणी बोललं नव्हतं, पोटुशीले असं सांगत नाहीत.

"बाबा, एक सांगू? तुमी हसाल."

"मी कुठं हसतो? मले पाहून दुसरे हसतात."

"इथं आता रात्र हाये. आज दुपारी जेवायले बसली होती. बर्फ पडून राहिला होता. खिडकीबाहेरच्या कठड्यावर कबुतरासारखा एक होला येऊन बसला. माझ्याकडे पाहून राहिला. मंग त्यानं काचेवर चोच मारली. दोनदा."

मागून जावई बोलला, "बाबा, इथं होले लय हायेत."

मी फोन ठेवला आन् मोजायले बसलो. इथं सूर्य वर आला तेव्हा टोपली उचलली. तिच्या दुपारी आपल्याकडे लोक झोपायच्या तयारीत असतात. दोन्ही हाताची बोटं संपली तं पायाची घेतली. सोळा. मी पुन्हा मोजलं, कारण माझं मोजणं मलेच पटत नाही. मिलमध्ये मी मोजलेली पोती दुसरा मोजते. पण पुन्हा सोळाच आले. सकाळी इथून निघून त्याच दिवशी दुपारी तिथं, आन् तरी सोळा तास. हे कसं होते ते मले आजही समजत नाही.

ज्या विमानाले विमान नाही, नुसती रेष आन् वेळ हाये, त्यात बायको बसून गेली होती. नागपूर नाही, दिल्ली नाही, चाकाची खुर्ची नाही. सरळवालं.

त्या दुपारी मी छपरीत बसलो. आवाज आला नाही. दुसऱ्या दुपारी नाही. भूत गेलं की लोक नारळ फोडतात. मी गंज पालथा घालून त्याच्यापुढं रडलो. बाईनं विचारलं, "आता काय झालं?" म्हणलं, "भूक लागली." तिनं भाकर दिली. भूक नव्हती, तरी खावी लागली.

पुढं रोज लेकीचा फोन. होला रोज येते. ती तांदूळ टाकते. बोलते त्याच्याशी. एक दिवस जावयानंच सांगितलं, आज तांदूळ मी टाकले. लेकीचं भ्याव गेलं होतं. आईनं सांगितलं होतं ना, कळा सुरू होतील तेव्हा मी तिथं असीन. कळा सुरू झाल्या त्या सकाळी होला कठड्यावर होता, असं लेकीनं नंतर सांगितलं. पोरगी झाली. सुखरूप. फोनवर मले दाखवली, लाल टमाट्यासारखी. दुपटं तिच्या आजीनं शिवलेलंच होतं, टपालानं पाठवलेलं. मी म्हणलं, नाक माझ्यावर गेलं. बाई मागून म्हणाली, "लेकरू हाये ते, शाप नको देऊ."

आपल्याकडे आई लेकीपाशी सव्वा महिना राहते, मंग घरी येते. बाई केव्हाची फुलचूरले वापस गेली होती. मी एकटा. एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, होला आता येत नाही. तांदूळ तसेच पडून राहतात." आवाज बारीक झाला होता तिचा, पण मागं नात रडली आन् ती तिच्याकडे धावली.

मी हिशोब केला. सव्वा महिना झालाच होता. काम झालं. आता ती निघाली असेल. सोळा तास.

घर झाडलं. भात मांडला, खालून जळाला. दुपारी छपरीत बसलो. काही नाही. वाटलं, येताना वारा उलटा असतो, वेळ लागत असेल. दुसरा दिवस गेला. मिलमध्ये जाणं मी बंद केलं, दुपारी घरी कोणीतरी पायजे ना. बिरसीची लहान शिकाऊ विमानं डोक्यावरून घिरट्या घालत. त्यांचा आवाज आला की मी बाहेर येऊन पाहायचो. मले माहीत हाये ती तिथूनच उडतात आन् तिथंच उतरतात. भिंत मीच बांधली हाये. तरी पाहायचो.

मंग मी ते केलं जे कोणी करत नाही. छपरीत तीच जागा सारवली, पीठ चाळलं, दिवा लावला, नवी टोपली आणून झाकली, बिनभोकाची. सकाळी पाहिलं. पीठ कोरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोरं. तिसऱ्या दिवशी टोपली उचलली तं एक पाऊल! वाकून पाहिलं. माझाच अंगठा होता, टोपली झाकताना पडलेला.

मी तसाच वाकलेला असताना फाटक वाजलं. बाई आली होती. मिलवाल्यानं तिच्या पोराले सांगितलं होतं, तुहा मामा कामावर येत नाही. तिनं पीठ पाहिलं, टोपली पाहिली, मले पाहिलं.

"हे काय मांडलं?"

"काही नाही."

"दहावं होऊन किती दिवस झाले! मेलेल्या माणसाले दोनदा पीठ घालतात का रे कुठं?"

मी तिले सांगितलं. सगळं. होला, सोळा तास, सव्वा महिना. आवाज बंद झाल्याचंही सांगितलं, जे कोणाले सांगितलं नव्हतं. म्हणलं, "बाई, तिकडे तिचं काम झालं. तिकडून निघाली. मंग पोचली काऊन नाही? वाटेत कुठं अडकली असंन का? तिले एकटीले विमान बदलता येत नाही दिल्लीत."

बाई पिठाशेजारी बसली. बराच वेळ बोटानं ते गोळा करत राहिली, एक कणही न सांडता, जसं उद्या त्याची भाकर करायची हाये. मले वाटलं, रडून राहिली. पाहिलं तं नाही.

"पोचली का नाही ते मले माहीत नाही," ती म्हणाली. "पण एक सांग. इतके वर्स तुह्या घरात भात शिजवला तिनं. बिचारी पहिल्यांदा बाहेर पडली. वापस कायले येईल? इथं तू हायेस ना."